चौदापैकी बारा पाकिटे

कारगिलचे युद्ध झाले त्या वर्षी, दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, मझौलीजवळच्या चार एकर हरभऱ्यासाठी दिलेल्या जिवाणूंच्या चौदा पाकिटांपैकी बारा पाकिटांतले जिवाणू मेले असल्याचे नक्की झाले. पेरणी शुक्रवारी होती. पाकिटे आमच्या प्रयोगशाळेतून निघाली तेव्हा जिवाणू जिवंत होते. तशी नोंद माझ्या अक्षरात आहे. ती पाकिटे कोणी उन्हात विसरली नव्हती, ती पावसात भिजली नव्हती, उंदरांनी कुरतडली नव्हती. त्यांची फार काळजी घेतली गेली होती.

मी जबलपूरच्या एका सरकारी शेती प्रयोगशाळेत तंत्रसहायक होते. निवृत्तीपर्यंत त्याच खोलीत बसले. खिडकी मात्र दोनदा बदलली. त्याआधी दोन वर्षे एका हिंदी दैनिकात प्रुफे तपासली होती. पाहिलेले, ऐकलेले आणि तपासून ठरलेले वेगळे लिहायचे, ही सवय तिथली. या लेखात तीच पाळली आहे.

कामाचे स्वरूप असे. हरभरा, मसूर, वाटाणा यांच्या मुळांना जमिनीतल्या बुरशीपासून रोग होतो. आमच्याकडचे शेतकरी त्याला उकठा म्हणतात, महाराष्ट्रात मर म्हणतात. हिरवेगार झाड दोन-चार दिवसांत मान टाकते. उपटून मूळ उभे चिरले तर आत तपकिरी रेघ दिसते. बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते, म्हणून बियाण्याला औषध चोळून दरवेळी भागत नाही. पण त्याच जमिनीत असेही जिवाणू असतात, जे मुळांना बिलगून राहतात, मुळांतून पाझरणारे खाद्य आधी खाऊन टाकतात आणि बुरशीला सोसणार नाहीत असे पदार्थ सोडतात. धर्मशाळेत आधी पोहोचलेले वऱ्हाड सगळ्या खोल्या अडवते आणि मागून आलेले व्हरांड्यात झोपतात, तसेच काहीसे. आम्ही निरोगी झाडांच्या मुळांवरून हे जिवाणू वेगळे काढत असू, काचेच्या चंबूंत वाढवत असू आणि कोळशाच्या बारीक, ओलसर भुकटीत मिसळून पाकिटे भरत असू. दहा किलो बियाण्याला एक पाकीट. गुळाचे पाणी उकळायचे, पूर्ण गार करायचे, त्यात भुकटी कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळायची, बियाणे सावलीत थोडा वेळ पसरायचे आणि त्याच दिवशी पेरायचे.

एवढेच काम. त्यातले काहीही अवघड नाही. हे एवढेच नीट व्हावे यासाठी माझी सगळी नोकरी खर्ची पडली.

पाकिटात जिवंत काही आहे हे लोक तोंडाने मान्य करत आणि हाताने विसरत. सराफ्यातल्या एका सोनारांचे पाटणच्या रस्त्याला शेत होते. ते एक दिवस पाकीट परत घेऊन आले. त्यांनी ते दुकानातल्या तराजूत रोज तोलले होते.

"मॅडमजी, इसमें से कुछ उड़ रहा है. रोज घट रहा है."

ते खरे होते. पिशवीच्या शिवणीला सुईच्या टोकाएवढे भोक होते आणि ओल उडून चालली होती. जो दोष आमच्या कार्यालयाला अख्ख्या हंगामात दिसला नव्हता, तो त्यांनी चार दिवसांत पकडला. मी आभार मानून पाकीट बदलून दिले. नवेही त्यांनी रोज तोलले आणि तोलून झाल्यावर हाताशी असावे म्हणून शेगडीशेजारी ठेवले.

सिविल लाइंसमधल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांना फाटकापासून पोर्चपर्यंत स्वीट पीच्या फुलांची रांग हवी होती. ते झाडही वाटाण्याच्याच कुळातले, म्हणून मी पाकीट दिले. त्यांनी माळ्याचे हात, घमेले आणि बियाणे फिनाइलच्या पाण्याने धुवून घेतले. "बॅक्टीरिया को हाथ लगाना है, तो सफ़ाई चाहिए कि नहीं?" असे त्यांनी मला फोनवर विचारले. फुले आली नाहीत तेव्हा कार्यालयाला चार पानी पत्र आले. उत्तराचा मसुदा मी सहा ओळींचा केला. आमचे विभागप्रमुख दुबेजी यांनी त्यातल्या पाच ओळी काढल्या. राहिलेली ओळ, पत्र मिळाले, अशी होती.

पाकिटाबरोबर एक छापील कागद जाई. तो कोणी तरी, कधी तरी, खताच्या पोत्यावरच्या मजकुरावरून उतरवला होता. त्यातली पहिली सूचना होती: ठंडे और सूखे स्थान पर रखें. पुढे गूळ, सावली, त्याच दिवशी पेरणी वगैरे. आतली भुकटी ओलीच असते आणि ती तशीच राहायला हवी, हे त्यात कुठेही नव्हते. त्या कागदाचे प्रूफ मी तपासले होते. एकही चूक सापडली नव्हती.

कमल टेंभेकर पहिल्यांदा आल्या त्या कारगिलच्या आधीच्या जानेवारीत. पन्नाशीच्या पुढच्या, नऊवारी नेसलेल्या. हातात वाळलेल्या हरभऱ्याची जुडी. मझौलीपासून दोन कोसांवर त्यांचे चार एकर होते. पती वारले होते. जमीन त्यांच्या आणि धाकट्या दिराच्या नावावर होती. दीर जबलपूरला संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत. शेत बाई एकट्या पाहत होत्या. त्यांनी जुडी माझ्या टेबलावर, वहीवरच ठेवली.

"तिसरं साल आहे. दुकानातलं औषध लावलं, बियाणं बदललं, पूजाही घातली. हे काहून मरून राहिलं तेवढं सांगा."

मी मूळ चिरून आतली रेघ दाखवली. मग नियमाप्रमाणे सल्ला दिला, की तीन-चार वर्षे त्या जमिनीत हरभरा घेऊ नका, गहू घ्या.

"गव्हाला पाणी तुम्ही आणता का?"

त्यांचे शेत हवेलीचे होते. हवेली म्हणजे इथली जुनी रीत. शेताला उंच बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडून ठेवायचे. दिवाळीच्या सुमाराला बांध फोडून ते सोडायचे. काळी माती वापशावर, म्हणजे पेरणीजोगी ओल राहील इतकी सुकत आली की तिच्या पोटातल्या ओलीवर हरभरा नाही तर मसूर काढायची. वर विहीर नाही, कालवा नाही. वापसा चार-पाच दिवस टिकतो. तेवढ्यात पेरले तर पेरले, नाही तर बियाणे कोरड्या ढेकळांत पडते.

मी त्यांना येत्या हंगामासाठी पाकिटांच्या यादीत घातले. उकठा पूर्ण थांबेल असे सांगितले नाही. कमी होईल, इतकेच सांगितले.

मे महिन्यात युद्ध सुरू झाले. फॅक्टरीच्या पाळ्या वाढल्या, सुट्या बंद झाल्या, सायकलींची जी रांग संध्याकाळी फाटकातून निघायची ती तीन वेळा निघू लागली. आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक दुसऱ्या घरात कोणी ना कोणी ओव्हरटाइमवर होते. जुलैत युद्ध संपले, पण फॅक्टरीत संपले नाही. रिकामी झालेली दारूगोळ्याची कोठारे पुन्हा भरायची होती. दिवाळीतही अनेकांना एकच दिवस मिळाला.

मधुकर टेंभेकर, कमलबाईंचे दीर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पाकिटे न्यायला आले. सडपातळ, केस तेल लावून मागे वळवलेले, खिशाला दोन पेने. फॅक्टरीच्या तपासणी विभागात होते. तयार माल पास करायचा की परत पाठवायचा हे ठरवणाऱ्यांपैकी एक. नोकरीत एकही खराब लॉट आपल्या सहीने बाहेर गेला नाही, हे त्यांनी पाच मिनिटांत दोनदा सांगितले.

चार एकरांना बारा पाकिटे पुरेशी होती. त्यांनी चौदा मागितली.

"दोन जास्त कशाला?"

"रेफरन्सला लागतात."

मला वाटले, नातेवाइकांना दाखवायची असतील. वाद घालायला वेळ नव्हता. मागे नऊ माणसे उभी होती. मी चौदा दिली आणि कागद वाचून घ्या म्हटले. त्यांनी तिथेच उभ्याने वाचला, पेनाने एका ओळीखाली रेघ ओढली आणि घडी करून खिशात ठेवला. कागद वाचणारा माणूस आला म्हणून मला बरे वाटले होते, हेही नोंदवायला हवे.

जाता जाता त्यांनी घरची गोष्ट सांगितली. दसऱ्याला दीर-भावजयीत ठरले होते, की हा शेवटचा हंगाम. याही वर्षी हरभरा मेला तर वहिनी कागदावर सही करतील आणि जमीन शेजारच्या वीटभट्टीवाल्याला जाईल. भट्टीवाल्याला ती काळी माती नको होती. तिच्याखालची पिवळी हवी होती.

"वहिनीचे गुडघे गेले आता. सुटी मिळाली तरच मी जातो. जमीन गेली तर ती आमच्या क्वार्टरवर येऊन आरामात राहील. मी काही तिचा दुश्मन नाही, मॅडम."

"आणि त्यांना काय हवंय?"

"तिला मातीच हवी," ते म्हणाले आणि हसले.

पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुटीत ते गेटपास काढून आले. सायकलच्या कॅरियरवर लाकडी खोके होते. खोक्यात प्लॅस्टिकच्या बारा स्वच्छ बरण्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर लॉट क्रमांक, तारीख, वजन, सही. त्यांनी एक बरणी उघडून माझ्यापुढे धरली. काळी भुकटी रांगोळीसारखी मोकळी वाहत होती.

"बघा. आता पास आहे."

"हे काय केलंत?"

"बुरा मत मानिए, मॅडम, पण तुमचा माल ओला होता. मुठीत घेतला तर लाडू होऊन राहिला. काळी पावडर, आणि ओली! आमच्याकडे असं निघालं तर वरपासून खालपर्यंत सगळे लाइनीत उभे राहतील. पण तुमच्याही अडचणी असतात, समजतो मी. म्हणून बोललो नाही. घरीच दुरुस्त केलं."

"कसं?"

"पत्र्यावर पसरून. चार दिवस कडक ऊन. सौभाग्यवती तासातासाला उलथत होती. मग मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळलं. एक ढेकूळ दाखवा."

मी त्यांना बसायला सांगितले. काही जातींचे जिवाणू वाळताना स्वतःभोवती कवच करतात आणि वर्षानुवर्षे तग धरतात. आमचे त्यांतले नव्हते. ते ओलीत जगत होते. ऊन आणि कोरडेपणा त्यांना एका दुपारी संपवतो. त्यांना चार दुपारी मिळाल्या होत्या.

"टेंभेकर, हे मेलंय."

"काय मेलंय?"

"यातलं सगळं. आता हा नुसता कोळसा आहे."

त्यांनी खिशातून कागद काढला. रेघ ओढलेली ओळ माझ्यापुढे धरली. "सूखे स्थान पर. तुमच्याच ऑफिसचं आहे."

"जागा कोरडी. माल नाही."

"ओला माल कोरड्या जागी ठेवला तर तो वाळणारच नं? मग आधीच वाळवला तर काय बिघडलं?"

मी कागद हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. आजही मी त्या वाक्याकडे पाहते तेव्हा मला त्यांचाच अर्थ बरोबर वाटतो.

ते उठले. "टेस्ट करा. टेस्टशिवाय मी लॉट रिजेक्ट मानत नाही."

मी बाराही बरण्यांतली चिमूट चिमूट घेऊन काचेच्या बशांतल्या खाद्यावर पसरली. तेरावी बशी आमच्या मूळ साठ्यातली, तुलनेसाठी. दोन दिवस थांबावे लागते. त्या दोन दिवसांत मी बदली पाकिटे शोधली. कपाट रिकामे होते. हंगाम भरात होता. नवी खेप चंबूंत होती, पण वीजकपातीमुळे चंबू हलवणारे यंत्र दिवसातून चार-चार तास बंद पडत होते. ती खेप तयार व्हायला दहा दिवस लागणार होते. मी दुबेजींना सांगितले, की चूक आपल्या कागदाची आहे, जिल्ह्यात कोणाकडे न वापरलेली पाकिटे असतील तर मागवू.

दुबेजी म्हणाले, "पत्रक में लिखा है सुखाओ?"

"नाही."

"तो फिर हमारी ग़लती कहाँ है?"

मंगळवारी कमलबाईंचा मझौलीच्या बूथवरून फोन आला. बांध फोडला होता, पाणी उतरले होते, शुक्रवारी भाड्याचा ट्रॅक्टर येणार होता. भाऊजी पाकिटे कधी आणतील, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी म्हटले, शुक्रवारी सकाळी. काय आणतील ते सांगितले नाही.

बुधवारी दुपारी टेंभेकर आले. तेराव्या बशीत पिवळसर, चकचकीत ठिपक्यांची गर्दी होती. बारा बशा कोऱ्या. दोन-तीन ठिकाणी हवेतून पडलेली कापसासारखी बुरशी. त्यांनी प्रत्येक बशी उचलून उजेडात धरली, बारा वेळा. मग टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले.

"पूरा लॉट," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "मॅडम, वहिनीला हे सांगू नका."

"का?"

"जमीन विकायचं मी म्हणतोय. आणि औषध माझ्याच घरी मेलं. तुम्ही तिच्या जागी असता तर काय समजल्या असता?"

"मुद्दाम केलं, असं."

"तेच. अख्खा गाव तेच म्हणेल. मरेपर्यंत म्हणेल."

"मग तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तुम्ही लपवलं असं होईल."

 मी बशा उचलायला लागले. हिशेब जुळत नव्हता हे तेव्हा लक्षात आले.

"बरण्या बाराच आहेत. पाकिटं चौदा नेली होती."

"दोन रेफरन्सची आहेत नं."

"म्हणजे कुठे आहेत?"

"घरी. सील्ड." मला काहीच कळत नाही अशा समजुतीने त्यांनी खुलासा केला. "हर लॉटमधून दोन नग काढून सीलबंद ठेवायचे. पुढे तक्रार आली तर तपासायला. ते कधी उघडत नाहीत, दुरुस्त करत नाहीत. हात लावायचा नाही, बस."

"पत्र्यावर नाही ठेवली?"

"छे. माठाच्या तिवईखाली. ठंडे स्थान पर म्हटलं होतं नं तुम्ही."

ती दोन पाकिटे त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेत आली. ओली होती, मातीचा वास होता. दाबले तर लाडू होत होता. वीस किलो बियाण्याला, म्हणजे पाऊण एकराच्या आतबाहेर, तेवढी पुरणार होती.

पुढच्या रविवारी दोन पाळ्या करायचे कबूल करून टेंभेकरांनी शुक्रवारची सुटी मिळवली. मी रजा टाकली. त्यांनी उसन्या आणलेल्या स्कूटरवर मागे बसून, पाकिटे ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात धरून मझौलीला गेले. रस्त्याने ते एकदाच बोलले. थर्मामीटर घेतला आहे, गुळाच्या पाण्याला लागेल, असे म्हणाले.

शेत काळेभोर, नुकते पाण्याबाहेर आलेले. बांधाच्या फोडीशी अजून ओघळ वाहत होता. कमलबाई बांधावर पाटीशेजारी बसल्या होत्या. ट्रॅक्टरवाला बिडी ओढत होता. गुळाचे पाणी पहाटेच उकळून गार करून ठेवले होते. टेंभेकरांनी स्कूटर लावली, थेट वहिनींपुढे गेले, चपला काढल्या आणि सरळ उभे राहून सगळे सांगितले. पत्रा, चार दिवस, चाळणी, बारा बशा. काही सोडले नाही, काही बचावही केला नाही.

 ट्रॅक्टरवाल्याची बिडी विझली.

"वाळवण घालायचं होतं तर मला सांगायचं," कमलबाई म्हणाल्या. "मी पापडाचं पीठ दिलं असतं. ही माझी जिती पाखरं उन्हात घातली काहून?"

"वहिनी, मी मुद्दाम..."

"तुम्ही मुद्दाम? मधुभाऊजी, तुमच्या लग्नात तुम्ही वरमालेची फुलं मोजून घेतली होती. दोन कमी निघाली म्हणून माळ्याला परत पाठवलं. मुहूर्त टळत होता नं, मंडप थांबला होता. तुम्ही मुद्दाम काही बिघडवाल असं मला वाटेल?" मग आवाज बदलला. "पण सही तर सहीच. ठरलं ते ठरलं. मेलं तर मी देईन."

टेंभेकर म्हणाले, "आज ते नको."

"आजच. उद्या तुम्हाला सुटी नाही."

दोन पाकिटांचे बियाणे कुठे पेरायचे हे ठरवायचे होते. मी वरच्या अंगाचा निचऱ्याचा तुकडा सुचवला. तिथे उकठा कमी होता, पीक हमखास दिसले असते. बाईंनी खालचा कोपरा दाखवला. पाणी सर्वांत शेवटी तिथून उतरत होते. तीनही वर्षे झाडे आधी तिथेच मेली होती.

"तिथे यश येईलच असं नाही," मी म्हटले.

"जिथे मरत नाही तिथे लावून मला काय कळणार?"

टेंभेकरांनी मान हलवली. "बरोबर आहे. टेस्ट अशीच असते." मग त्यांनी गुळाच्या पाण्यात थर्मामीटर धरला. मी बोट बुडवले. दोघांचे मत एकच निघाले. बियाणे आम्ही तिघांनी चोळले, बाभळीच्या सावलीत पसरले आणि दुपारच्या आत खालच्या कोपऱ्यात पेरले. चार काठ्या रोवून हद्द केली. उरलेल्या जमिनीत साधे बियाणे पडले. बारा बरण्यांतला कोळसा कमलबाईंनी बांधावर ओतला आणि बरण्या घासून घरात नेल्या.

मी त्या शेतात नंतर दोनदा गेले. दुबेजींच्या मते ते शेत कार्यालयाच्या चाचणीच्या आराखड्यात बसत नव्हते, म्हणून दोन्ही वेळा रविवारी, बसने. डिसेंबरअखेर वरच्या भागात पिवळे पट्टे दिसू लागले होते. फुलोऱ्याच्या वेळी, जानेवारीत, काठ्यांबाहेरचे निम्म्याहून जास्त पीक मान टाकून होते. काठ्यांच्या आतही झाडे मेली. मी ओळीत बसून मोजली. दहा पावलांत सहा, सात, एका ओळीत नऊ. बाकीची उभी होती, घाटे धरत होती. कमलबाई मोजताना माझ्यामागे चालत होत्या आणि मी चुकून एखादे मेलेले झाड सोडले तर दाखवत होत्या.

कागदाबाबत मी टिपण लिहिले. भुकटी ओलसर असते, ती वाळवू नये, ही एक ओळ घालावी, अशी विनंती केली. छापलेले कागद संपल्यावर विचार करू, असा शेरा आला. कागद तीन कपाटांत होते. तोपर्यंत मी प्रत्येक कागदावर ती ओळ हाताने लिहायला लागले. महिन्याभराने सरकारी पत्रकावर हाताने लिहू नये असा तोंडी आदेश मिळाला. मग तोंडी सांगू लागले. रांगेतला प्रत्येक जण हो म्हणत असे.

सुगीनंतर, होळीच्या आधी, टेंभेकरांच्या क्वार्टरवर बैठक झाली. भट्टीवाला कागद घेऊन आला होता. झाडे किती मेली हे सांगायला मला बोलावले होते. मी आकडे वाचले. कमलबाईंनी सही करायला चष्मा लावला. तेव्हा टेंभेकरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद पुढे केला. त्यांनी तो वाचून दाखवला, फॅक्टरीत वाचतात तसा, एका सुरात.

"लॉट, नग बारा. खराबी परीक्षकाच्या हातून. मालात दोष नाही. सीलबंद नग दोन, पास. या परीक्षणावरून जमीन नापास ठरवता येत नाही. परीक्षण रद्द. पुढच्या हंगामी पुन्हा." खाली सही, तारीख.

भट्टीवाला म्हणाला, "भैया, ये क्या है? आपने ही तो कहा था."

"कहा था. टेस्ट ग़लत हुई. मेरी ग़लती से हुई."

"तो मैं कब आऊँ?"

"लॉट पास नहीं हुआ तो ख़बर करूँगा."

कमलबाईंनी चष्मा काढला. "आणि पुढच्या सालीही मेलं तर?"

"तर मी लिहीन तसं. नापास असेल तर नापासच लिहीन, वहिनी."

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण वाळवू नका."

पुढच्या पावसाळ्यानंतर त्या शेतात दोन एकर जवस आणि दोन एकर हरभरा पेरला गेला. हरभऱ्याला सहा पाकिटे पुरेशी होती. टेंभेकर दिवाळीआधी येऊन आठ पाकिटे घेऊन गेले, ओल्या पोत्यात गुंडाळून. पाकिटांबरोबरचा कागद तोच होता. पेरणीत सहा पाकिटे वापरली, दोन माठाच्या तिवईखाली राहिली.